खिडकीमागची रात्रपाळी

दिल्लीत मराठी ऐकायची असेल तर दिवाळीच्या आधी चार दिवस हजरत निजामुद्दीन स्टेशनवर गोवा एक्स्प्रेसच्या वेळेला जावं. नोएडा-गुरुग्रामला नोकरीत असलेली पुण्याची, साताऱ्याची, मिरजेची, बेळगावची पोरं सोनहलव्याच्या डब्यांसकट तिथे उभी असतात. त्यातल्या निम्म्यांनी तो दिवस एकाच प्रश्नात काढलेला असतो. घरून आईचा फोन येतो, "झालं का रे कन्फर्म?" "अगं, चार्ट लागायचाय अजून." हा चार्ट पूर्वी डब्याच्या दाराशी खरोखरच चिकटवलेला असायचा, म्हणून आपण अजून 'लागला का' विचारतो. शेजारचा हिंदीवाला 'बन गया क्या' विचारतो. त्याचा शब्द जास्त अचूक आहे, कारण चार्ट खरंच कुणीतरी बनवतं.

मग कधीतरी खिशातला फोन थरथरतो. डबा अमुक, बर्थ तमुक.

त्या क्षणी तुम्ही कुठल्या खिडकीसमोर उभे नव्हता आणि वेबसाइटही उघडलेली नव्हती. तुम्ही कदाचित कपडे भरत होता किंवा मेट्रोत लोंबकळत होता. मधल्या वेळात कुणीतरी त्या गाडीचे सगळे डबे उघडून बसलं होतं. आयत्या वेळी रद्द झालेली तिकिटं, न वापरले गेलेले राखीव कोटे, मधल्या स्टेशनांपुरत्या रिकाम्या राहणाऱ्या जागा, हे सगळं गोळा करून प्रतीक्षायादीवरच्या माणसांना क्रमाने पुढे सरकवलं गेलं. आरएसीवाल्यांना पूर्ण बर्थ मिळाली. ज्यांचं ई-तिकीट शेवटपर्यंत वेटिंगवरच राहिलं त्यांचं ते आपोआप रद्द झालं आणि पैसे परतीच्या वाटेला लागले. अनेक वर्षं हे सगळं गाडी सुटण्याच्या चार तास आधी होत असे. २०२५ मध्ये ती वेळ आणखी आधी आणली गेली.

हे काम मोठं आहे, वेळ खाणारं आहे, आणि ते चालू असताना त्याच्यासमोर कुणीही उभं नाही. या प्रकरणाचा विषय अशीच कामं आहेत. वेबसाइट चालवणाऱ्या यंत्राच्या पोटात ती ठेवावीत का, आणि ठेवली तर काय होतं?

रेल्वेच्या आरक्षणाचा इतिहास या प्रश्नाला फार सोयीचा आहे. आधी प्रत्येक गाडीच्या प्रत्येक तारखेचं रजिस्टर असे आणि बाबू त्यात नावं लिहीत. १९८५-८६ मध्ये नवी दिल्लीत सीएमसी या सरकारी कंपनीने बांधलेली संगणकीय आरक्षणप्रणाली सुरू झाली. १९८६ मध्येच रेल्वेने आपल्या संगणकीकरणासाठी 'क्रिस' ही संस्था काढली, तिचं मुख्यालय चाणक्यपुरीत आहे. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद अशी पाच आरक्षण केंद्रं झाली. 'कॉन्सर्ट' नावाच्या प्रणालीने १९९९ पर्यंत ती एकमेकांना जोडली आणि मग दादरच्या खिडकीवर दिल्लीहून सुटणाऱ्या गाडीचं तिकीट मिळू लागलं.

कॉन्सर्ट अनेक वर्षं ओपनव्हीएमएस या कार्यप्रणालीवर चालत आली. ती ज्या व्हीएमएसची वारस, ती १९७७ च्या सुमाराची, म्हणजे वेबच्या दीडेक दशक आधीची. तिच्यात 'बॅच'ची रांग ही मूळ सोय आहे. काम लिहून रांगेत टाकायचं आणि निघून जायचं, यंत्र सवडीने ते उचलतं. समोर माणूस बसलेलं काम आणि न बसलेलं काम यांतला फरक त्या पिढीला सांगावा लागत नसे. त्याचा विसर आपल्याला वेबने पाडला.

३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने इंटरनेटवर तिकिटं द्यायला सुरुवात केली, तेव्हा तो फरक अगदी डोळ्यांना दिसत होता. ई-तिकीट यायला २००५ उजाडावं लागलं. सुरुवातीचं होतं ते आय-तिकीट. वेबसाइटवर पैसे भरायचे, मग कुठेतरी ते तिकीट खऱ्या कागदावर छापलं जायचं, पाकिटात पडायचं आणि कुरिअरवाला ते घरी आणून द्यायचा. वेबसाइटचं काम मिनिटा-दोन मिनिटांचं आणि मागचं दोन-तीन दिवसांचं. आता विचार करा, तिकीट हातात पडेपर्यंत संगणकापुढे बसून राहा, पान बंद करू नका, असं कुणी सांगितलं असतं तर? मूर्खपणा वाटला असता. पण 'प्रक्रिया सुरू आहे, कृपया पान बंद करू नका' असं आजही किती ठिकाणी वाचायला मिळतं! हे लिहिणाऱ्याने कुरिअरवाल्याला खिडकीतच बसवलेलं असतं.

वेब ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणजे खिडकी. त्याचा सगळा स्वभाव खिडकीवरच्या चटपटीत कारकुनाचा आहे. पुढचा माणूस आला, त्याचा अर्ज घेतला, उत्तर दिलं, पुढचा. एकावर रेंगाळणं त्याला सोसत नाही, कारण मागे रांग आहे. म्हणून तो स्वतःला मर्यादा घालून घेतो. पीएचपीत लिहिलेला वेबवरचा प्रोग्रॅम मूळ मांडणीत ३० सेकंदांत संपला नाही तर थांबवला जातो. एनजिनएक्स हा पुढे उभा राहणारा सर्व्हर मागच्याकडून ६० सेकंद काहीच आलं नाही तर नाद सोडतो. २०१४ मध्ये आयआरसीटीसीने नवी प्रणाली आणली तेव्हा अभिमानाने सांगितलेला आकडाही खिडकीचाच होता. मिनिटाला २००० तिकिटांच्या जागी ७२०० तिकिटं. सकाळी दहाला एसीची तत्काळ तिकिटं उघडतात, अकराला बिनएसीची, आणि तेव्हा त्या खिडकीवर काय लोटतं हे दिल्लीत राहणाऱ्या परप्रांतीयाला सांगायची गरज नाही. त्या गर्दीत चार्ट बनवायचं कामही त्याच कारकुनाच्या गळ्यात असतं तर?

पण गर्दी ही अडचण निम्मीच. उरलेली निम्मी माझ्या लक्षात आली ती शुकशुकाटामुळे.

नोएडात मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत होतो, नाव नको. चार हजार माणसांच्या पगाराच्या स्लिपा महिनाअखेरीस ईमेलने जायच्या. कर्मचाऱ्यांची एक अंतर्गत वेबसाइट होती, विंडोज सर्व्हरवर, मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमध्ये चालणारी. आमच्यातल्या एका हुशार माणसाने त्या वेबसाइटच्या आतच एक टायमर बसवला. रात्री एक वाजता उठायचं, महिना संपला असेल तर एकेक स्लिप बनवायची आणि धाडायची. वेगळा सर्व्हर नको, वेगळी परवानगी नको, हेलपाटे नकोत. दिवसा चाचणी घेतली, टायमर बरोबर वाजला. सगळ्यांनी छोले-भटुरे खाल्ले.

महिनाअखेरीच्या रात्री एकही स्लिप गेली नाही. सकाळी आम्ही वेबसाइट उघडली, तर आमच्या डोळ्यांसमोर ती तरतरीत. पुन्हा दिवसा चाचणी, पुन्हा यश. दोन दिवस आम्ही घड्याळाला, ईमेल सर्व्हरला आणि एकमेकांना दोष दिला.

खरं कारण आयआयएसच्या मूळ मांडणीत होतं. वीस मिनिटं एकही पाहुणा आला नाही तर वेबसाइट चालवणारी प्रक्रिया ते बंद करून टाकतं. मेमरी वाया का घालवायची, हा त्याचा विचार, आणि तो चुकीचा नाही. दुपारी गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानाचं शटर ओढणाऱ्या पुण्याच्या दुकानदाराला आपण नावं ठेवतो, पण त्याचं गणित हेच असतं. रात्री साडेदहानंतर आमच्या वेबसाइटवर कोण येणार? पावणेअकराच्या आसपास शटर खाली. आत बसवलेला टायमर दुकानाबरोबर झोपला. सकाळी पहिला माणूस आला की दुकान उघडायचं आणि आम्हाला वाटायचं, हे तर रात्रभर उघडंच होतं.

यावर आम्ही जो उपाय केला तो या धंद्यात सर्रास चालतो. दुसऱ्या एका संगणकावरून दर दहा मिनिटांनी वेबसाइटचं पान उघडायचं. दार वाजवणारं खोटं गिऱ्हाईक. शटर पडेना. पुढच्या महिन्यात रात्री एकला स्लिपा निघाल्या आणि दोन हजार तीनशेव्या माणसाशी येऊन थांबल्या.

मग प्रक्रिया पुन्हा उठली, महिन्याचं काम पुरं झालेलं नाही हे तिला दिसलं, आणि तिने पहिल्यापासून सुरुवात केली. तेवीसशे लोकांना दोन-दोन स्लिपा. त्यांपैकी किमान दहा जणांनी पगारही दोनदा येणार का, हे लेखी विचारलं.

हा दुसरा घोळ पहिल्या उपायानेच घातला होता. आयआयएसची आणखी एक मूळ मांडणी आहे. दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, प्रक्रिया बदलायची. जुनी जाते, ताजी येते. साचलेला कचरा निघून जावा, हा हेतू. पूर्वी आमचं दुकान रोज रात्री बंदच होत असल्याने प्रक्रियेचं वय २९ तासांपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. खोट्या गिऱ्हाइकाने ते पोचवलं. आणि २९ तास म्हणजे दर वेळी घड्याळात पाच तास पुढे. आज दुपारी दोनला, तर उद्या संध्याकाळी सातला, मग मध्यरात्री बाराला. एकोणतीस दिवसांनी पुन्हा तीच वेळ. दोष शोधणाऱ्याला वेड लावायला याहून चांगली योजना सापडणार नाही. २९ च का, याचं आयआयएसच्या चमूतून नंतर सांगितलं गेलेलं कारण गमतीचं आहे. २४ ठेवले असते तर रोज ऐन गर्दीची तीच वेळ सापडली असती, म्हणून २४ च्या पुढची पहिली मूळ संख्या घेतली.

प्रक्रिया बदलताना सर्व्हर सभ्यपणे वागतो, हेही खरं. जुन्या प्रक्रियेला हातातले अर्ज निपटायला मूळ मांडणीत ९० सेकंद मिळतात. पण हातातले अर्ज म्हणजे खिडकीतून आलेले. आमच्या टायमरचं काम खिडकीतून आलेलंच नव्हतं. सर्व्हरच्या वहीत त्याची नोंद नव्हती, त्यामुळे आपण ते काम थांबवतोय याची सर्व्हरला कल्पनाही नव्हती. मला या सबंध प्रकाराचं मर्म इथे वाटतं. ज्या कामाची वाट खिडकीशी कुणी पाहत नाही, ते खिडकीच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतं.

भाषा आणि प्रणाली बनवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. जावाच्या जगात एंटरप्राइज बीन्सच्या नियमांनी आपले आपण थ्रेड, म्हणजे समांतर चालणारे कामाचे धागे, काढायला मनाईच केली होती. सर्व्हरला विचारून, त्याच्या नोंदीत राहून मागचं काम करण्याची प्रमाणित सोय तिथे २०१३ मध्ये आली. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये डॉटनेटमध्ये तशी सोय दिली, पण तिथेही सर्व्हर बंद होताना मुदत मिळते ९० सेकंद. नोंदणीचं आभारपत्र पाठवणं, फोटो लहान करणं, असल्या कामांना ती पुरते. चार हजार स्लिपांना नाही.

मग काम न्यायचं कुठे? त्यासाठी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावाहून मानेसरपर्यंत जाऊ.

२९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभलीत रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी गावात आले होते. तो समारंभ होता. त्यानंतर कोट्यवधी लोकांनी जी नोंदणी केली तिचा अनुभव वेगळा. दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा, चेहरा, पत्ता, आणि मग हातात आधार नाही, एक पावती. तिच्यावर चौदा अंकी नोंदणी क्रमांक आणि तारीख-वेळ. घरी जा, येईल.

लोक या पावतीवर वैतागायचे, पण ती अतिशय विचाराने केलेली गोष्ट होती. नोंदणीचा संगणक इंटरनेट नसतानाही चालायचा. सगळी माहिती एका कुलूपबंद डिजिटल पाकिटात जायची आणि ते पाकीट नंतर आधार प्राधिकरणाच्या केंद्राकडे पोचायचं. अशी दोन केंद्रं आहेत, एक बेंगळुरूला आणि दुसरं दिल्लीलगत मानेसरला, मोटारींच्या कारखान्यांच्या शेजारात. तिथे प्रत्येक नव्या माणसाचे ठसे आधीच्या प्रत्येकाशी ताडून पाहायचे, एकाला दोन क्रमांक जाऊ नयेत म्हणून. आधीचे साठ कोटी असतील आणि दिवसाला दहा लाख नवे आले, तर तुलना किती? सहावर चौदा शून्यं, रोज. याला कुठली खिडकी आणि कुठले तीस सेकंद! म्हणून पाकिटं रांगेत उभी राहतात. एक टप्पा उघडून तपासतो आणि पुढच्या रांगेत ठेवतो, दुसरा ताडतो, तिसरा क्रमांक देतो, पुढे छपाई आणि टपाल. एखादा टप्पा मंद झाला तर त्याच्यापुढची रांग वाढते, नोंदणीकेंद्रावर कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

खिडकीने करायचं ते एवढंच. काम लिहून घ्यायचं, पावती द्यायची, मोकळं व्हायचं. काम लिहिलं जातं ते खिडकीच्या डोक्यात नाही, बाहेरच्या वहीत, डेटाबेसात किंवा रांग सांभाळणाऱ्या वेगळ्या प्रणालीत. खिडकी कोसळली, झोपली, बदलली, तरी वही शाबूत. त्या वहीतून एकेक काम उचलणारी प्रक्रिया स्वतंत्र, तिला 'वर्कर' म्हणतात. तिच्यापुढे रांग ताटकळत नसते आणि तिला दुपारची झोप नसते.

वहीत आणखी एक गोष्ट लागते, ती आमच्याकडे नव्हती. कोणाचं काम झालं, याची खूण. पोस्टमन टपाल वाटताना मध्येच पावसात अडकला तर दुसऱ्या दिवशी पहिल्या घरापासून सुरुवात करत नाही, उरलेली पत्रं घेऊन निघतो. वर्करही मध्येच मरणार, हे धरूनच चालायचं. वीज जाईल, मेमरी भरेल. म्हणून प्रत्येक स्लिपेमागे खूण, आणि तेच काम चुकून दोनदा हाती आलं तरी परिणाम एकदाच व्हावा अशी रचना. पैशांच्या बाबतीत हे सगळ्यात कडक. खात्यातून पैसे गेले आणि तिकीट निघालंच नाही, हा प्रसंग ज्याच्यावर आला आहे त्याला माहीत असतं की ते पैसे काही दिवसांत मुकाट्याने परत येतात. मागे कुणीतरी बँकेची वही आणि तिकिटांची वही शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळवत बसलेलं असतं. ते कुणीतरी एकच परतावा दोनदा देऊ लागलं तर बातमी होईल.

रेल्वेच्या बाबतीत मला आवडणारी गोष्ट ही की तिथे खिडकीलाही रोज सक्तीची विश्रांती आहे. रात्री पावणेबारापासून बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत आरक्षण बंद. चोवीस तासांच्या इंटरनेटच्या काळात हे लोकांना जुनाट वाटतं, त्यावर विनोद होतात. मला नाही वाटत. किराणा दुकानदारही गल्ला मोजताना फळी लावून घेतो.

अशा मागे चालणाऱ्या प्रक्रियेला युनिक्सच्या जगात 'डीमन' म्हणतात. १९६३ मध्ये एमआयटीत फर्नांडो कोर्बातो यांच्या चमूने हा शब्द संगणकात आणला, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या काल्पनिक पिशाच्चावरून, जे अणू-रेणूंची निवड करत अखंड राबतं. त्यांचा पहिला डीमन फायलींच्या प्रती टेपवर उतरवायचा. सैतानाशी या शब्दाचा संबंध नाही, पण कोकणातल्या माणसाला तो समजावून सांगायची गरजच पडू नये. गावाच्या वेशीवर रात्री काठी वाजवत फिरणारा, कुणाला न दिसणारा राखणदार तो हाच. त्यालाही वर्षाचा नारळ लागतो. डीमनचा नारळ म्हणजे त्याला कोण सुरू करतं, पडला तर कोण उठवतं आणि तो गप्प झाला हे कोणाला कळतं, याची व्यवस्था. लिनक्समध्ये हे आता बहुतेक ठिकाणी 'सिस्टिमडी' पाहते. ती स्वतः पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया असते. ज्या प्रक्रियेचा जन्मदाता आधी मरतो तिला युनिक्समध्ये 'अनाथ'च म्हणतात, आणि सहसा ही पहिली प्रक्रिया तिला दत्तक घेते. आमचा टायमर तर अनाथही नव्हता, दुकानाबरोबर पुरला गेलेला.

शेवटी आम्ही ते काम वेबसाइटमधून काढलं. विंडोजची स्वतंत्र सेवा केली, संगणक चालू झाला की आपोआप उठणारी. तिला वेगळं खातं दिलं, डेटाबेसात झालेल्या-राहिलेल्या स्लिपांचा तक्ता केला आणि ती बंद पडली तर ज्याचा फोन वाजेल अशा एका माणसाचं नाव लिहून ठेवलं. ते नाव माझं होतं, हा त्यातला अन्याय. खोटं गिऱ्हाईक हाकललं. वेबसाइट पुन्हा रोज रात्री निवांत झोपू लागली आणि दर एकोणतीस तासांनी कात टाकायचा प्रश्न आपोआप मिटला.

महिनाअखेरीला मी दोन वाजेपर्यंत जागा होतो. फोन वाजला नाही. सकाळी ऑफिसात कुणी स्लिपांचा विषय काढला नाही. दुपारी फक्त अकाउंट्समधल्या एक बाई येऊन विचारून गेल्या, या वेळेस स्लिप एकच कशी आली?